पंचनाम्याआधी उचललेली बाग

वादळ आलं त्या संध्याकाळी मी जळगावात, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतली तुळशीची कुंडी आत घेत होतो. कुंडी सुखरूप आत आली. त्याच सुमारास तिकडे असोद्यात माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, केळीची बाग आडवी होत होती. आपण कुंडीला दोन्ही हातांनी धरलं होतं, हे मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "आता त्या कुंडीचीसुद्धा माफी मागून टाका."

तिचं चुकत नाही. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. शाळेत एखादा मुलगा नापास झाला की मीच नापास झाल्यासारखा घरी येतो. बस चुकलेल्या अनोळखी माणसाकडे मी असा बघतो की त्याला वाटावं, यानेच ती पुढे पाठवली. पण अक्काच्या बाबतीत निदान कारण तरी आहे. वावर आम्हा दोघांच्या नावावर. मी नोकरीमुळे जळगावात. ती सोनगीरला दिलेली, भावजी गेल्यावर परत आली आणि एकटीने बाग धरून बसली. तिची मुलगी पाचोऱ्याला सासरी. दर हंगामात पहिला घड माझ्या दारात येतो. पाणी, खत, मजूर, ऊन हे सगळं तिच्याकडे, आणि पिकलेली केळी माझ्याकडे, अशी आमची वाटणी.

तीस वर्षं धुळ्याकडे काढल्यामुळे अक्काची बोली सोनगीरची झाली आहे. असोद्यात तिला यावरून चिडवतात. शेजारच्या बागेचे आबा, आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, तिला बांधावरून हाक मारतात, "काय शे?" अक्का म्हणते, "बठ्ठं शे, तुमले अक्कल तेवढी नही शे." म्हणजे सगळं आहे, तुम्हाला अक्कल तेवढी नाही. मग दोघं आपापल्या कामाला लागतात. हा त्यांचा रामराम.

वादळाच्या दिवशी रात्री जेवणाआधी आबांचाच फोन आला. अक्का फोन करणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं. "सर, तुमची बाग गेली. माझी निम्मी आहे उभी. तुमच्या बाजूला वाऱ्याने काही ठेवलं नाही. घड सगळे अर्धवट भरलेले." मी विचारलं, अक्का काय म्हणते? आबा म्हणाले, "म्हणते, कांदेबाग लावता आली तर लावीन. नाहीतर वावर कसायला देऊन जळगावला भावाकडे जाईन."

कांदेबाग म्हणजे आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या मानाने लावतात ती केळी. ती लावायची तर रोपं हवीत, ठिबकच्या फाटलेल्या नळ्या बदलायला हव्यात. म्हणजे सरकारची मदत मिळायला हवी. ती मिळण्यासाठी बागेचा पंचनामा व्हायला हवा. आणि 'भावाकडे जाईन' हे अक्का कशी म्हणाली असेल ते मला फोनवर न ऐकताही ऐकू आलं. आमच्या घरी ती कधी दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. म्हणते, तुमच्याकडे खाली बघितलं तरी जमीन दिसत नाही, दुसऱ्याचं छत दिसतं.

सकाळी उजाडता उजाडता मी आबांना फोन केला. शाळेत प्रवेशाचं काम होतं, मला लगेच निघता येत नव्हतं, आणि निघता येत नाही म्हणून जे मनाला लागतं ते कुठेतरी उतरवायला हवं होतं. मी म्हटलं, "आबा, अक्का कोणाला बोलवायची नाही. तुम्ही सगळ्यांना सांगा. पहिली तिची बाग उचला. माझ्यातर्फे विनंती समजा."

आता हे सांगायची खरं तर गरज नव्हती. गावात ती रीतच आहे. वाऱ्याने बागा पाडल्या की ज्या घरी हाताशी पुरुषमाणूस नाही तिथे आधी जायचं, न बोलावता. पडलेली खोडं कापून बाहेर काढायची, खालची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, मोकळी करायची. ज्याची बाग त्याने जेवण घालायचं, बस्स. पण गाव आपल्या वेळेने गेलं असतं, आधी चहा झाला असता, आपापली बाग बघून झाली असती. माझ्या फोनमुळे आबांनी घरोघरी जाऊन लोक उठवले. सरांचा फोन आहे म्हणाले. ट्रॅक्टर, ट्रॉली, कोयते, सगळे सूर्य वर यायच्या आत बागेत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोन उघडला तर गावाच्या ग्रुपवर तालुक्याहून आलेला संदेश होता. पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडं हलवू नयेत.

मी तशीच गाडी काढली. जळगाव-असोदा रस्ता तो केवढा, पण तेवढ्यात मी मनातल्या मनात तीन वेळा पोलीस स्टेशनला जाऊन आलो. बांधावर पोचलो आणि हेल्मेट काढायचं विसरून उभा राहिलो. बाग नव्हती. म्हणजे पडलेलीही नव्हती. खळं सारवून ठेवावं तसं वावर लख्ख, मधे नुसते बुंधे. नळ्या गुंडाळून एका कडेला. खोडांचा ढीग दूर नाल्याच्या काठावर. आणि चिंचेखाली सगळं गाव पंगतीला बसलेलं, अक्का गरम बट्ट्या फोडून त्यांवर वरण ओतत होती.

"या सर," आबा म्हणाले, "तुमचा शब्द खाली पडू दिला नाही."

मी फोन त्यांच्यापुढे धरला. आबांनी संदेश वाचला, मग पुढच्याला दिला. फोन पंगतीतून फिरत गेला तसतसं जेवण थांबत गेलं. एकाने हातातला घास ताटात परत ठेवला, जणू तोही पंचनाम्यात धरला जाणार होता.

अक्काने विचारलं, "बठ्ठास्ले तूच धाडं का रे?"

मी हो म्हटलं, सगळ्यांना मीच धाडलं.

तिने माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं. "खाई ले पहिले. उपाशीपोटी तू आखो काहीतरी करशी."

तोडगा आबांनीच काढला, आणि तो इतका सरळ होता की कोणालाच त्यात खोट दिसेना. नाल्यावर ढीग आहेच. ट्रॉल्या आहेत. माणसंही जेवून तयार. जिथून उचललं तिथे नेऊन ठेवायचं. मी म्हटलं, "आबा, हे खोटं होईल." आबा म्हणाले, "खोडं अक्काची, वावर अक्काचं, पाडली वाऱ्याने. खोटं कुठे आहे ते दाखवा, मी तेवढं काढून टाकतो." मला दाखवता आलं नाही. खोटं कुठेतरी होतं एवढं नक्की, पण ते कोणत्या ट्रॉलीत होतं हे सांगता येईना.

मग दिवस मावळेपर्यंत असोद्यात बाग पाडण्याचं काम चाललं. मीही शर्टाच्या बाह्या वर करून खोडं वाहिली. चिकाचे ते डाग अजून त्या शर्टावर आहेत. आबा बांधावर उभे राहून मांडव घालत असल्यासारखे सांगत होते, "ते जरा तिरकं करा. एवढं सरळ पडत नाही. शेंडा वर नको." पण आमच्या लोकांना कामात गबाळेपणा जमत नाही. खोड ठेवलं की ते नीट ठेवायचंच. संध्याकाळी बघितलं तर एकेका ओळीत खोडं अशी शेजारी शेजारी निजलेली, की अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही बाग पडेल नही शे, झोपाडेल शे." म्हणजे वाऱ्याने पाडलेली नाही, कोणीतरी थोपटून झोपवलेली. हसता हसता आबांना खोकला लागला.

मी हसलो नाही, कारण मला दुसरंच दिसलं होतं. नाल्याच्या काठी मागच्या वर्षीची वाळलेली खोडंही टाकलेली होती. अंधार पडायच्या घाईत, उत्साहात, लोकांनी तीही आणली होती. हिरव्यांच्या मधे मधे तपकिरी, कागदासारखी चुरचुरणारी. अक्काच्या बागेत अक्काने लावली त्याहून जास्त झाडं पडली होती.

बायकोला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी जाऊन वाळकी तेवढी उचलून या. एवढंच ना?" हे मला सुचलंच नव्हतं. पण सकाळी मी पोचायच्या आधी तलाठी मॅडम पोचल्या होत्या.

तरुण बाई. तोंडाला रुमाल बांधून स्कूटीवर आल्या होत्या. सोबत कृषी सहायक, खांद्याला बॅग. फोटो सरकारच्या ॲपमध्ये जागेसकट नोंदवायचे असतात. आबा आणि कालची सगळी मंडळी पंच म्हणून सही करायला बांधावर हजर होती, लग्नाला आल्यासारखी स्वच्छ कपड्यांत. मॅडमनी फोन वर धरला. फोटो काढला नाही. फोन खाली केला आणि विचारलं, "वारा कुठून आला होता?"

आबांनी पश्चिमेकडे हात केला.

मॅडमनी बागेकडे बघितलं. निम्म्या खोडांचे शेंडे पूर्वेला होते. उरलेले जिकडे ट्रॉली उभी राहिली होती तिकडे.

"चक्री होता मॅडम," आबा म्हणाले. "घुसला आणि इथल्या इथे फिरला."

"आणि वाळवून गेला?" त्यांनी पायाजवळच्या तपकिरी खोडाला बुटाने हलवलं.

मला वाटतं त्या क्षणी एखादी गंमत करून वेळ मारून नेता आली असती. आबांच्या ओठांवर ती आलीही होती. पण माझा आवाज आधी निघाला. मी सगळं सांगितलं. फोन मी केला, संदेश उशिरा बघितला, खोडं कोणी उचलली, परत कोणी आणली, वाळकी कुठून आली, मी स्वतः किती वाहिली. मधेच, कोणी विचारलं नसताना, शर्टाच्या डागांचंही सांगितलं. बोलताना मी कोणाकडेच बघितलं नाही. आबा विहिरीकडे तोंड करून उभे होते.

अक्का पुढे आली. मॅडमना म्हणाली, "मना भाऊ माले मारी टाकी, पन खोटं बोलाव नही. तुमी बट्टी खाई जा. कालनीच शे, पन चांगली शे."

मॅडमना बोली नीट कळली की नाही कोण जाणे, पण त्यांनी रुमाल सोडला. हसू दिसलं ते तेव्हा. म्हणाल्या, "काकू, मला खोडं नकोतच. बुंधे कुठे जातात? मुळापाशी उपटलेली जागा दिसते, मोडलेला बुंधा दिसतो. ते वाऱ्याचं काम कोयत्याला करता येत नाही." मग आबांकडे वळून, "आबा, ही म्हातारी खोडं आधी वावराबाहेर न्या. मग फोटो."

अशा रीतीने एकाच बागेची खोडं गावाने तिसऱ्यांदा उचलली. मॅडम आणि सहायक ओळीओळीने बुंधे बघत फिरले, अक्का त्यांच्यासोबत. जिथे बुंधा मागच्या वर्षीचा होता तिथे ती स्वतःच म्हणायची, हे धरू नका. पंचनाम्यात मॅडमनी जसं घडलं तसं लिहिलं, की शेजाऱ्यांनी मदत म्हणून खोडं आधीच हलवली होती. निघताना मला म्हणाल्या, "खरं लिहिलंय सर. पण वरून प्रश्न येऊ शकतो. वेळ लागेल."

वेळ लागला. गावात बाकीच्यांची मदत जमा झाली, आबांचीही झाली. अक्काचं प्रकरण तपासणीत होतं. मी असोद्यात गेलो की पारावरची मंडळी एकमेकांना म्हणायची, "गप्प बसा, कबुलीवाले सर आले. काही केलं असेल तर सांगून मोकळे व्हा." आबा त्यांच्यात नसायचे. पण बांधावर मला गाठून त्यांनी एकदा विचारलंच. "सर, एक सांगा. मॅडमना तुम्ही सांगितलं नसतं तर मी सांगणारच होतो. हसवून सांगितलं असतं. तुम्ही एवढी घाई का केली?"

त्या प्रश्नाने माझी झोप गेली. कारण तोवर मी एक दिवाण विकत घेतला होता. चांगला, खाली सामान ठेवायला जागा असलेला. आमच्या आतल्या खोलीत खिडकीपाशी लावला होता. अक्काला आमच्याकडे यायची वेळ आलीच तर, म्हणून. बायकोने विचारलं, "वेळ आलीच तर, की यावी म्हणून?" ती सहज बोलली असेल. पण मी दिवाणाकडे बघत बसलो. अक्का इथे आली तर मला पहिल्या घडाची लाज वाटणार नव्हती. तिच्या अंगावरचं ऊन मला जळगावात लागणार नव्हतं. एकट्या बहिणीला सांभाळणारा भाऊ म्हणून मी मोकळा झालो असतो. मग त्या सकाळी बांधावर माझा आवाज एवढ्या लगबगीने निघाला तो खरेपणाचा होता, की अक्काची बाग कागदावरून निसटावी असं माझ्यातल्या कोणाला वाटत होतं? मला आजही छातीठोक सांगता येत नाही. खरं बोलून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं खोटं बोलून कधी वाटलेलं नाही.

न राहवून एका रविवारी मी हे अक्काला सांगितलं. दिवाणासकट. ती उडीद निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"म्हनजे तू माले न्याले बसेल व्हता?"

मी म्हटलं, तसं नाही, पण तसंही असेल.

"मंग सरळ सांगानं ना. वादळनी वाट कसाले देखी?" तिने एक खडा उचलून माझ्या पायाशी टाकला. "मी उनू असती दोन दिन. दिवाण देखती, चहा पेती, परत येती. तुले बरं वाटतं, माले बी." मग सूप बाजूला ठेवून, "पन ऱ्हावाले नही रे भाऊ. मना पाय मातीमा शेतस तवलग मी मनी शे."

पाय मातीत आहेत तोवर मी माझी, हे ती चिडवण्याच्या सुरात बोलली नाही. मला अपराधी वाटलं, पण या वेळचं वाटणं हलकं होतं, ओझं उतरवून ठेवल्यावर खांदा दुखतो तसं.

अक्काच्या बागेची मदत पितृपक्षाच्या सुमारास जमा झाली. माझं संमतीपत्र होतं, त्यामुळे थेट तिच्या खात्यात. संदेश तिच्या साध्या फोनवर आला, तो तिने आबांना वाचायला दिला, आणि आबांनी मला फोन केला तेव्हा मी वर्गात होतो. मुलांसमोर मी फोन कधी घेत नाही. घेतला. "सर, आली," आबा म्हणाले. "आता कबूल करा, किती घाबरला होता." मी कबूल केलं. वर्ग हसला, का ते मुलांना माहीत नव्हतं. झालेल्या नुकसानाच्या मानाने ते थोडंच होतं, पण रोपं आणि नळ्या यायला पुरेसं होतं.

दसऱ्यानंतर अक्काने कांदेबाग लावली. लावून झाल्यावर तिचा निरोप आला, तिने स्वतः केलेला फोन, वर्षातून एकदा येतो तसला. "तो दिवाण आठे ली ये. दुपारले बागमा आडं व्हवाले कामी ई."

मी टेम्पो केला. बायको म्हणाली मीही येते, मला बघायचंय. बागेच्या कडेला, अक्काच्या पत्र्याच्या खोलीपाशी टेम्पो उभा राहिला आणि मी खाली उतरेपर्यंत आबा आणि आणखी सात-आठ जण न बोलावता येऊन ठेपले होते. दोऱ्या सुटल्या. दोघांनी दिवाणाचं एक टोक धरलं, दोघांनी दुसरं.

"थांबा!" मी ओरडलो. "हलवू नका. आधी फोटो."

दिवाण हवेत तसाच थांबला. आबांनी डोळे मिटून घेतले. मी खरंच फोन काढला होता, आणि का काढला हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. बायको टेम्पोला टेकून हसत होती.

खोलीच्या दारातून, पिठाचे हात झाडत, अक्का तलाठी मॅडमच्या सुरात म्हणाली, "काढू द्या त्याले. पन वारा कथाईन उना, ते बी लिखी ले रे भाऊ."